आधी कागद, मग कबुली

मी खरं बोलले तो रविवार होता. रात्री जेवणं झाल्यावर, ताटं उचलायच्या आत, आईबाबांना सांगून टाकलं की आमच्या समाजाच्या धार्मिक शिकवणीवर माझा विश्वास उरलेला नाही आणि समाजाच्या प्रमुखांनी सुचवलेल्या स्थळाशी मी लग्न करणार नाही. बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की त्या रात्री मी गाढ झोपले. सोमवारी उठले तर उशाशी मोबाईल नव्हता. बाबांच्या लोखंडी कपाटाला नवं कुलूप लागलं होतं. त्याच कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, साडीच्या दुकानाच्या गुलाबी प्लॅस्टिकच्या पिशवीत माझा शाळा सोडल्याचा दाखला, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आधार, पासबुक असं सगळं होतं. बुधवारी प्रमुख घरी आले. ती पिशवी हातात यायला मला अकरा महिने लागले.

त्यानंतर अशाच कात्रीत सापडलेल्या बऱ्याच जणांशी बोलणं होत गेलं. कोणाचा देवावरचा विश्वास उडालेला, कोणाचं दुसऱ्या धर्मातल्या माणसावर प्रेम, कोणी समलिंगी, तर कोणाला फक्त पेहराव बदलायचा होता. धर्म निराळे, पंथ निराळे, चूक मात्र बहुतेकांची माझीच: आधी सांगून मोकळे झाले आणि मग तयारीला लागले. समाजाशी न जुळणाऱ्या माणसाने वेगळं कसं व्हायचं, त्याच्या या पायऱ्या; म्हणून त्यांत सांगणं बरंच उशिरा येतं. हे सगळं वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्या आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसासाठी आहे. वय कमी असेल तर एकट्याने घर सोडू नका. मारहाण किंवा जबरदस्ती होत असेल तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. पुढचं काम बालकल्याण समितीचं.

पहिली पायरी : नेमकं काय जुळत नाही?

"मला हे सगळंच नको" असं वाटण्याचे दिवस असतात, पण त्या दिवसांत निर्णय घेऊ नये. एका कागदावर लिहा, लिहून झालं की फाडून टाका. तत्त्वज्ञान पटत नाही? की तत्त्वज्ञान पटतं, पण प्रमुखांची सत्ता पटत नाही? की दोन्ही चालतं, फक्त ज्याच्याशी संसार करायचा तो माणूस त्यांना चालत नाही? या तिन्हींची उत्तरं वेगळी आणि खर्चही वेगळा. सत्ता न पटणारा माणूस पुष्कळदा समाजात राहूनच जागा करून घेतो. विश्वास गेलेला माणूस सणावारी आईशेजारी बसू शकतो, त्याचं काही बिघडत नाही. समलिंगी मुलाला मात्र लग्न ठरवण्याच्या वेळी पळवाट उरत नाही, त्यामुळे त्याचं घड्याळ वेगळं चालतं.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहा: यातलं मला काय आवडतं? मला आमची सामूहिक प्रार्थना आवडायची, अजून आवडते. हे मान्य करायला मी फार वेळ लावला, कारण एकदा बाहेर पडायचं म्हटल्यावर सगळं वाईटच होतं असं स्वतःला पटवावं लागतं, असा माझा समज होता.

तडजोड म्हणजे शरणागती, असं सांगणारे मित्र भेटतील. त्यांना पुण्यातलं १८९० सालचं पंचहौद मिशनचं प्रकरण सांगा. मिशनमधल्या कार्यक्रमात पुढे आलेला चहा घेतला म्हणून शहरातल्या नामांकित मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीकडून बहिष्काराची कारवाई, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांवर त्यांच्याच सुधारक मित्रांनी टीकेची झोड उठवली. ते बरोबर की चूक हा वाद अजून मिटलेला नाही. तुम्हीही कधी नाइलाजाने मान खाली घालाल आणि दोन्हीकडून बोलणी खाल. ती तयारी ठेवा.

दुसरी पायरी : कागद

इथे मी सगळ्यात जास्त जागा घेणार आहे, कारण अडवणूक इथेच होते.

जे कागद घरात आहेत ते आज लगेच ताब्यात घ्यायची गरज नाही; पिशवी गायब झाली तर संशय येतो. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, घरच्यांना माहीत नसलेल्या ई-मेलवर पाठवा, मोबाईलमधून पुसा आणि 'डिलीटेड' फोल्डरही रिकामं करा. मूळ प्रती हळूहळू एकेक करून काढता येतात. "नोकरीच्या ठिकाणी पडताळणीला मागितलंय" हे कारण बहुतेक घरांत चालतं.

हाती काहीच लागलं नाही तरी घाबरू नका. कपाटाशी झगडण्यापेक्षा दुय्यम प्रती काढणं जलद होतं, हे मला अकरा महिन्यांनी कळलं. ई-पॅन आणि मतदार ओळखपत्र ऑनलाइन उतरवून घेता येतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर पाहा; तिथे नसतील तर बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. पदवीची विद्यापीठाकडून मिळते. शाळेकडून दुय्यम दाखला घेताना बहुधा प्रतिज्ञापत्र मागतात, ते करून द्या. जन्मदाखला नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्राला मात्र जपा. वैधतेसाठी वडील-आजोबांचे जुने पुरावे लागतात आणि घराशी बोलणं तुटल्यावर ते गोळा करणं म्हणजे दिव्य. हे काम बाकी असेल तर घरात असतानाच उरकून घ्या, मग त्यापायी वर्षभर थांबावं लागलं तरी चालेल.

आणि एक. रागाच्या भरात "मला तुमचं काही नको" म्हणत कशावरही सही करू नका. विशेषतः हक्कसोडपत्रावर, म्हणजे घरच्या मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर. समाजातली मोठी माणसं मध्ये पडतात, "सही कर, मग तू मोकळी" असं गोड बोलतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अशी नोंदणीकृत सही केली. पुढे दोन वर्षांनी सातबाऱ्यावरचा फेरफार बघून तो सुन्न झाला.

तिसरी पायरी : सिम, मग बँक, याच क्रमाने

तुमचं सिम वडिलांच्या नावावर असेल तर ते बंद करायला त्यांना एक अर्ज पुरतो. सिम गेलं की ओटीपी गेला, ओटीपी गेला की बँक, ई-मेल आणि आधार सगळंच गेलं. म्हणून सर्वांत आधी स्वतःच्या नावाचं नवं सिम. मग आधार केंद्रात जाऊन, बोटांचे ठसे देऊन तो नंबर आधारला जोडून घ्या. त्यानंतर वेगळ्या बँकेत, जिथे काकांच्या ओळखीचं कोणी बसत नाही अशा शाखेत खातं उघडा. पासबुक-चेकबुक घरच्या पत्त्यावर जाणार नाही याची खात्री काउंटरवरच करून घ्या; जमत असेल तर फक्त ई-स्टेटमेंट मागा.

मोबाईलमध्ये तीन ठिकाणं बघायची. व्हॉट्सअॅपमधलं 'लिंक्ड डिव्हायसेस', गूगल खात्याचा रिकव्हरी नंबर आणि ई-मेल, आणि लोकेशन शेअरिंग. एका मुलीचा भाऊ सहा महिने तिच्या गप्पा लॅपटॉपवर वाचत होता. तिने एकदाच, दहा मिनिटांसाठी, त्याच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं होतं.

चौथी पायरी : पैसा, छप्पर आणि एक माणूस

किमान चार-पाच महिने भागेल इतकी रक्कम, त्यात खोलीचं डिपॉझिट वेगळं. दागिने मोडायचा विचार असेल तर फक्त स्वतःच्या पावतीचे. आईचा दागिना उचललात तर उद्या चोरीची तक्रार तुमच्यावर होईल आणि ती खरी असेल.

स्त्रियांसाठी थोडी अधिक दारं आहेत. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत मिळते. १८१ या हेल्पलाइनवरून तिथवर पोहोचता येतं. पाच दिवस फार नाहीत, पण पहिल्या रात्री कुठे जायचं हा प्रश्न सुटतो. नोकरी असेल तर वर्किंग विमेन्स हॉस्टेलसाठी महिनाभर आधी चौकशी करून ठेवा. पुरुषांसाठी असं काही मला तरी सुचवता येत नाही. मित्राची खोली नाहीतर कॉट बेसिस.

एका माणसाला सगळं माहीत असलं पाहिजे. तो समाजाबाहेरचा हवा, त्याचं पोट, त्याचं लग्न, त्याचं दुकान समाजावर अवलंबून नसावं. जिवलग मैत्रीण समाजातलीच असेल तर तिला यातून वगळा. तिचं तुमच्यावर प्रेम असतं, पण प्रमुखांनी समोर बसवून विचारलं तर ती खोटं बोलू शकेल का? हा भार तिच्यावर टाकूच नये.

कोणीच नसेल तर संस्था आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली आहे आणि वाळीत टाकल्याच्या तक्रारी कशा लिहायच्या हे त्यांच्या कार्यकर्त्यांना पाठ असतं. समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी मुंबईत हमसफर ट्रस्ट. मुस्लीम समाजातल्या सुधारणेच्या प्रश्नांवर हमीद दलवाईंनी १९७० मध्ये स्थापन केलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ. झोप उडाली असेल, मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानस, १४४१६, दिवसरात्र चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. विनामूल्य वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पाचवी पायरी : सांगणं

आता सांगा. नाही सांगितलं तरी चालतं, हेही लक्षात असू द्या. स्वतःची ओळख म्हणजे गावभर द्यायची दवंडी नव्हे. ज्याला सांगितल्याने तुमचं जगणं सोपं होईल त्याला सांगायचं, बाकीच्यांना कळायचं तेव्हा कळेल.

समाज बाहेरून भिंतीसारखा दिसतो, पण आत माणसं सुटी सुटी असतात. प्रत्येक घरात एखादी आत्या, एखादा मामा असा असतो जो सभेत मान डोलावतो आणि घरी येऊन वेगळं बोलतो. सुरुवात तिथून. मी तेव्हा आईबाबांना एकत्र बसवून सांगितलं, तीच चूक झाली. दोघं समोरासमोर असले की दोघांनाही एकमेकांसाठी कडक व्हावं लागतं. पुढे आत्याला सांगितलं ते भाजी निवडताना. तिने मान वर केली नाही.

"कधीपासून वाटतंय असं?" तिने विचारलं.

"कॉलेजला असल्यापासून, आत्या."

"मग इतकी वर्षं जपलंस ना? अजून सहा महिने जप. नोकरी कायम होऊ दे. मग मी बोलते दादाशी."

आत्या कुठल्या चळवळीत नव्हती, पण मला मिळालेला तो सगळ्यात शहाणा सल्ला. फक्त तो मी सांगून बसल्यावर मिळाला.

सांगताना तीन गोष्टी टाळा. धर्मग्रंथातले दाखले देऊन वाद घालू नका. त्या आखाड्यात ते आयुष्यभर खेळलेत. "तुम्ही मला फसवलंत" असं म्हणू नका, त्यांना स्वतःला तसं कधीच वाटलेलं नसतं. आणि ज्या रात्री सांगाल त्या रात्री दुसरीकडे झोपायची सोय करून ठेवा, लागली नाही तर उत्तम. बोलताना 'मी'ने सुरुवात केलेली वाक्यं टिकतात: "मी त्या सभेला येणार नाही, पण रविवारी तुमच्यासोबत जेवायला येईन." नकार आणि नातं एकाच वाक्यात आलं की समोरच्याला धरायला काहीतरी उरतं.

प्रमुखांसमोर चौकशीला बोलावलं तर जायला तुम्ही बांधील नाही. कोणत्याही समाजाच्या प्रमुखाला समन्स काढायचा अधिकार नसतो. गेलात तर एकटे जाऊ नका, आणि कबुलीजबाब, माफीनामा वगैरे लिहून देऊ नका. माझा तसा एक कागद सभेत मोठ्याने वाचून दाखवला गेला. माझंच अक्षर, आणि मी मागच्या रांगेत बसलेली.

'बरं करण्याचे' प्रयत्न

सांगितल्यावर बऱ्याच घरांत पहिला विचार येतो तो उपचाराचा. एक तर डॉक्टर, नाहीतर बाबा.

डॉक्टरकडे नेलं तर हे माहीत असू द्या: मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की आपल्या समाजातल्या प्रचलित नैतिक, सामाजिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी माणूस जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. याच कायद्याने तुम्हाला स्वतःच्या उपचारांबाबत आगाऊ लेखी सूचना करून ठेवता येते आणि त्या बाबतीत आपल्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. वडिलांऐवजी त्या एका विश्वासू माणसाचं नाव तिथे घाला. समलैंगिकता 'दुरुस्त' करण्याची उपचारपद्धती हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कळवलेलं आहे. असा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडून लिखित कागद मागा. चेहरा बघण्यासारखा होतो.

बाबाकडे नेऊन भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, चटके देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

सहावी पायरी : घर सोडायचंच असेल तर

दिवस निवडा, शक्यतो कामाचा वार आणि सकाळची वेळ, म्हणजे कार्यालयं उघडी असतात. पिशवी लहान ठेवा: कागद, औषधं, चार्जर, दोन जोड कपडे.

तुम्ही निघालात की संध्याकाळपर्यंत घरचे पोलिसांत हरवल्याची तक्रार देणार, हे गृहीत धरा. ते रागानेच असेल असं नाही, घाबरूनही असतं. म्हणून निघायच्या दिवशीच तुमच्या भागातलं पोलीस ठाणं आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालय, दोन्हींना एक पानी अर्ज: मी अमुक, जन्मतारीख अमुक, सज्ञान आहे, स्वेच्छेने घर सोडत आहे, कोणी पळवून नेलेलं नाही, माझ्या जीविताला अमुक लोकांकडून धोका वाटतो. सोबत वयाचा पुरावा. प्रत्यक्ष दिलात तर पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. अर्जात नव्या घराचा पत्ता लिहू नका. संपर्कासाठी फोन आणि वकिलाचा पत्ता पुरतो.

पोलिसांनी बोलावलं तर जबाब द्यायला जा. अशाच एका मुलीसोबत मी गेले होते. साहेब वाईट नव्हते, पण बाकावर तिचे वडील आणि समाजाची नऊ माणसं बसली होती आणि साहेब म्हणाले, "जा ना बाळ, पाच मिनिटं बोल वडिलांशी." तिने वकिलांनी शिकवलेलं वाक्य म्हटलं: "साहेब, माझा जबाब आधी लिहून घ्या, मग बोलते." जबाबात "मला पालकांसोबत जायचं नाही" ही ओळ आली, सही झाली, आणि नंतर ती वडिलांपाशी गेली. क्रम उलटा झाला असता तर काय झालं असतं, हे तिनेच मला बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलं.

सज्ञान माणसाने कोणासोबत राहावं हे न्यायालयही ठरवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये धर्मांतर करून लग्न केलेल्या केरळच्या तरुणीच्या प्रकरणात सांगितलं. समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींना घरच्यांनी डांबलं असेल तेव्हा उच्च न्यायालयांनी त्यांना 'समजूत घालण्यासाठी' समुपदेशनाला पाठवू नये, असं याच न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये बजावलं. तुम्हालाच कोंडून ठेवलं असेल तर पोलिसांच्या ११२ या नंबरवर फोन करा. बेकायदा डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा गुन्हा आहे, मग कुलूप वडिलांनी का लावलेलं असेना. स्त्रियांना २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही वापरता येतो. तो सासरपुरता आहे हा गैरसमज. माहेरी होणारा छळही त्यात येतो, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा.

सातवी पायरी : वाळीत टाकलं तर

वाळीत टाकण्याचा घाव क्वचितच थेट तुमच्यावर बसतो. तो तुमच्या आईवर बसतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातलाच, शिवाय त्यांना घरात घेणाऱ्यालाही तोच नियम लावला. सव्वाशे वर्षांत हत्यार बदललेलं नाही. फरक इतकाच की आता "काढून टाकलं" हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळतं.

आणि फरक कायद्याचा. १९४९ साली मुंबई राज्याने धर्मबहिष्कारावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द ठरवला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. महाराष्ट्राने मात्र दरम्यान नवा कायदा केला, जुलै २०१७ पासून लागू असलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम, २०१६. तो फक्त जातपंचायतींसाठी आहे असं पोलीस ठाण्यातसुद्धा सांगतात. तसं नाही. त्यातली 'समाजा'ची व्याख्या एकाच धर्माच्या किंवा पंथाच्या लोकांनाही लागू होते.

सभागृह, शाळा, दवाखाना, स्मशान किंवा दफनभूमी नाकारणं, लग्नकार्य किंवा अंत्यविधी अडवणं, संबंध तोडायला इतरांना भाग पाडणं, विशिष्ट पेहरावाची सक्ती, नैतिकता किंवा लैंगिकता अशा कारणांवरून भेदभाव, मुलांना एकत्र खेळू न देणं, हे सगळं त्यात बहिष्कार म्हणून मोजलं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायला हवा; "एन.सी. करून देतो", म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, यावर समाधान मानू नका. तक्रार तुम्ही किंवा तुमच्या घरातला कोणीही करू शकतो, पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे. बहिष्कारासाठी सभा बोलावल्याचा सुगावा लागला तर जिल्हाधिकारी ती आधीच थांबवू शकतात. तडजोड करायची झाली तर तुमची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही लागतात.

पुरावा कसा गोळा करायचा? बहिष्कार तोंडी असतो, त्यामुळे त्याला लेखी उत्तर द्यायला लावा. सभागृहासाठी रीतसर लेखी अर्ज करा. नकार आला तर कागद हाती आला, उत्तर आलं नाही तर अर्जाची पोच आहेच. वहीत तारीखवार नोंद ठेवा: कोण, कुठे, काय म्हणालं, तेव्हा आणखी कोण हजर होतं. स्क्रीनशॉटसोबत पूर्ण चॅटही एक्सपोर्ट करा आणि ज्या मोबाईलवर संदेश आले तो विकू नका, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ साधन हाती असलेलं बरं.

एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. ठाण्याने टाळलं तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने, तरीही हालचाल नसेल तर दंडाधिकारी.

एक खरं सांगते. गुन्हा नोंदवला की आईवडिलांवरचा दाब एकदम वाढतो. माझ्या वेळी मी तक्रार लिहून तयार ठेवली आणि तिची प्रत प्रमुखांना पाठवली, दाखल केली नाही. आईला हळदीकुंकवाला बोलावणं पुन्हा सुरू झालं. हा मार्ग सगळ्यांना लागू पडेल असं नाही. मारहाण झाली असेल तर तो वापरूच नका, थेट गुन्हा नोंदवा.

लग्न, वारसा, धर्माचा रकाना

आंतरधर्मीय लग्नासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा: वधूचं वय १८, वराचं २१, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, मग ३० दिवसांची जाहीर नोटीस आणि तीन साक्षीदार. नोटीस फलकावर लागते, समाजातलं कोणीतरी ती बघतंच. हरकत मात्र वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता अशा मोजक्या कारणांवरच घेता येते. "आम्हाला मान्य नाही" हे त्यात बसत नाही. धोका असेल तर त्या ३० दिवसांत पोलीस संरक्षण मागा. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवास हवेत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये दिलेले आहेत. अर्जात त्यांचा उल्लेख करा.

एकत्र कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या कायद्याखाली परधर्मीयाशी लग्न केलं की ती त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं मानलं जातं. म्हणजे वेगळी होते. हिस्सा बुडत नाही. धर्मांतर केल्याने हिंदू वारसा कायद्याखाली तुमचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना ते हिंदू नसतील तर तुमच्या हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, त्यावर रुसून उपयोग नाही. मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम निराळे, तिथे त्या कायद्यातला वकील गाठा. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांनाच मिळतो, तेव्हा नोकरी आरक्षणातली असेल तर धर्मांतराच्या कागदावर सही करण्याआधी दहादा विचार करा.

नाव किंवा धर्म बदलल्याची नोंद राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करता येते. कोणताच धर्म नको असेल तर तसं लिहायचा हक्क आहे. सरकार कोणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं. खिडकीमागचा कारकून "काहीतरी टाका, रकाना रिकामा चालत नाही" म्हणेल, तेव्हा या निकालाची प्रत पिशवीत असावी.

नंतरची वर्षं

पहिलं वर्ष अवघड जातं ते सणांना आणि आजारपणात. दोन्हींचा बेत आधीच करून ठेवा: सणाच्या दिवशी कोणाकडे जायचं, दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर अर्जावर जवळचा नातेवाईक म्हणून कोणाचं नाव लिहायचं. आपल्या मागे अंत्यविधी कसा व्हावा हेही लिहून ठेवा आणि त्या एका माणसाकडे द्या. हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही विधीविना दहन झालं, कारण ती इच्छा त्यांनी आधीच नोंदवून ठेवली होती.

घरच्यांशी संपर्काची एक वेळ ठरवा आणि ती पाळा, समोरून उत्तर आलं नाही तरी. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आईला एक संदेश पाठवायचे, तीन ओळींचा: तब्येत बरी आहे, नोकरी चालू आहे, तुझे गुडघे कसे आहेत. धर्माबद्दल चकार शब्द नाही. पहिले आठ महिने फक्त दोन निळ्या टिका. नवव्या महिन्यात उत्तर आलं, "डावा जास्त दुखतो." त्यानंतर दोन महिन्यांनी आत्या माझ्या खोलीवर आली. पिशवीतून तिने डब्बा काढला आणि डब्याखालून ती गुलाबी प्लॅस्टिकची पिशवी. "दादाने स्वतः काढून दिली," ती म्हणाली, "पण तसं म्हणू नकोस. विचारलंच कुणी, तर मी चोरून आणली."